कुंपण घातलं म्हणजे माळ वाचतो का?

सोलापूरहून बार्शीच्या रस्त्याला लागलं की वीसेक किलोमीटरवर नान्नज येतं. माळढोकाच्या अभयारण्यामुळे हे गाव महाराष्ट्रभर माहीत आहे. 1979 साली अभयारण्य जाहीर झालं तेव्हा कागदावर त्याचं क्षेत्र जवळजवळ 8500 चौरस किलोमीटर होतं. सोलापूर आणि तेव्हाच्या अहमदनगर जिल्ह्यांतली गावंच्या गावं, त्यांची शेतं, बाजारपेठा, सगळं त्यात आलं. जमिनीच्या व्यवहारांवर निर्बंध आले आणि त्यांचा राग बिचाऱ्या पक्ष्यावर निघू लागला. पुढे हे क्षेत्र सुमारे 1222 चौरस किलोमीटरवर आणलं, पण तोवर माळढोकच विरळ झाला होता. आज नान्नजला एखादा दिसला तर बातमी होते. देशभरात मिळून दीडशेच्या आत उरले असावेत, तेही बहुतेक राजस्थानात.

त्याला कारणं बरीच आहेत. मादी एका वेळी साधारण एकच अंडं घालते. नराचं वजन पंधरा किलोपर्यंत जातं, उडताना समोरचं नीट दिसत नाही, त्यामुळे विजेच्या तारांवर आदळून हे पक्षी मरतात. उजनीचं पाणी आलं तसा ज्वारी-करडईच्या जागी ऊस आला, आणि उसाच्या फडात माळढोक राहत नाही. ही कारणं सगळ्यांना माहीत आहेत. ज्याची फारशी चर्चा होत नाही ते असं: जी जमीन आपण राखून ठेवली, तिच्यात आपण नेमकं काय केलं? माणसं आणि जनावरं बाहेर काढली, कडेने चर खणले, मधे झाडं लावली. आणि माळाला हेच मानवत नाही.

पवन्या किंवा मारवेलाच्या ठोंबात बोटं घालून बघा. वरची पाती हिरवी असतात, पण वाढीचा कोंभ असतो अगदी तळाशी, मातीला टेकलेला. झाडाचं उलट आहे. त्याचा वाढीचा शेंडा वर असतो. म्हणून शेळीने रोपाचा शेंडा खाल्ला की ते खुरटतं, आणि मेंढीने गवताचं पातं खाल्लं की आठ-पंधरा दिवसांत नवं येतं. तेच गवत चार वर्षं कुणी खाल्लं नाही, कापलं नाही, पेटलंही नाही, तर जुनी वाळकी पाती ठोंबातच साचतात. तळाशी ऊन पोचत नाही, ठोंब मधून मरू लागतो. मधल्या जागेत बोरी, हिवर, नाहीतर वेडी बाभूळ शिरते. माळढोकाला लांबवर नजर पोचेल असा मोकळा माळ लागतो. तो पाहता पाहता झुडपांचं रान होतो.

याचा अर्थ वाटेल तितकी चराई चालेल असा नाही. फार चरलं तर पवन्या आणि मारवेल आधी जातात, जनावरांना नकोशी असलेली कुसळी उरते, आणि शेवटी मुरूम उघडा पडतो. सोलापूर जिल्ह्यात असे माळ पाहायला फार लांब जावं लागत नाही. चराई हवी, पण किती आणि केव्हा, हा खरा प्रश्न आहे.

हा धडा देशाला राजस्थानातल्या भरतपूरने दिला. तिथल्या केवलादेव पाणथळीत आसपासच्या गावांच्या म्हशी पिढ्यान्‌पिढ्या चरत. 1982 मध्ये राष्ट्रीय उद्यान म्हणून तिथे चराई बंद झाली. गावकऱ्यांनी विरोध केला, गोळीबार झाला, माणसं मेली. नंतर काय झालं त्याची नोंद बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटीच्या शास्त्रज्ञांनी वर्षानुवर्षं ठेवली. म्हशी गेल्यावर पास्पालम नावाचं पाणगवत तळ्यांवर पसरलं, उघडं पाणी कमी झालं, आणि ज्या पाणपक्ष्यांसाठी हा सारा खटाटोप केला होता त्यांनाच जागा उरेना. म्हशी तिथलं काम फुकटात करत होत्या, हे त्यांना हाकलल्यावर कळलं.

सोलापूरपासून दक्षिणेला, कर्नाटकच्या टोकाशी, बिळिगिरी रंगनाथ डोंगरांत आगीची गोष्ट अशीच आहे. तिथले सोलिगा आदिवासी वर्षाच्या सुरुवातीला, पानगळीचा थर पुरता वाळण्याआधी, जमिनीलगत हलकी आग लावत. पाचोळा जळायचा, मोठी झाडं तशीच राहायची. 1974 मध्ये अभयारण्य झालं, सोलिगांच्या वस्त्या एका जागी बसवल्या गेल्या, आग लावणं गुन्हा ठरलं. त्यानंतरच्या दशकांत घाणेरी त्या जंगलात भराभर पसरली. घाणेरीची झुडपं दाटली की गवत मरतं, आणि वणवा लागलाच तर तो जमिनीवर राहत नाही, झाडांच्या शेंड्यापर्यंत चढतो. जंगलात आवळे गोळा करणाऱ्या सोलिगांनी संशोधकांना आणखी एक गोष्ट सांगितली: आग थांबल्यापासून आवळ्यावर बांडगूळ वाढलं आहे. तोवर संशोधकांचं लक्ष लोक आवळे किती तोडतात याच्यावरच होतं. 2011 मध्ये वनहक्क कायद्याखाली सोलिगांचे सामूहिक हक्क मान्य झाले. व्याघ्र प्रकल्पात असे हक्क मिळाल्याचं देशातलं हे पहिलं उदाहरण. हक्क मिळाले तरी आग लावायची परवानगी मात्र सहजासहजी मिळत नाही, हेही खरं.

परवानगीच्या पुढे जाऊन निर्णयाचा अधिकार देणं कसं असतं, ते ऑस्ट्रेलियातल्या उलुरू या प्रचंड खडकाच्या परिसरात दिसतं. 1985 मध्ये ती जमीन सरकारने तिथल्या मूळ रहिवासी अनंगू लोकांच्या नावे केली, आणि त्यांनी ती 99 वर्षांच्या करारावर राष्ट्रीय उद्यानासाठी परत दिली. उद्यानाच्या मंडळात अनंगूंचं बहुमत आहे. तिथेही आधी आग बंदच होती. सत्तरच्या दशकात पाऊस चांगला झाला, गवत माजलं, आणि 1976 च्या वणव्यांत उद्यानाचा बहुतांश भाग जळाला. आता थंडीत, अनंगूंच्या पद्धतीने, ठिकठिकाणी लहान लहान तुकडे पेटवतात, म्हणजे उन्हाळ्यातल्या वणव्याला सलग गवत सापडत नाही.

आपल्याकडे 1990 पासून संयुक्त वन व्यवस्थापन, म्हणजे वनखातं आणि गावाने मिळून जंगल राखायची पद्धत, आलं, गावोगाव समित्या झाल्या. पण आराखडा वनखात्याचा, सही समितीची, असाच तो प्रकार बहुतेक ठिकाणी राहिला. माझ्या मते त्याला भागीदारी म्हणणं जरा जास्तच होतं. गडचिरोलीतल्या मेंढा-लेखा या गावाला 2009 मध्ये सामूहिक वनहक्क मिळाले, आणि 2011 मध्ये बांबूचे वाहतूक परवाने देण्याचा अधिकार ग्रामसभेकडे आला, तेव्हा फरक दिसला. कुठला बांबू तोडायचा आणि कुणाला विकायचा, हे गाव ठरवू लागलं.

सोलापूरला मेंढा-लेखासारखं एक गाव, एक जंगल, असं सरळ गणित नाही. इथे माळाची खरी माहिती दोन समाजांकडे आहे आणि दोघांची अडचण वेगळी.

पहिले धनगर. त्यांच्या दख्खनी मेंढ्या माळावर दिवसभर चरतात आणि रात्री कुणाच्या तरी रानात बसवल्या जातात. शेतकरी त्याबद्दल धान्य किंवा पैसे देतो, कारण लेंडीखत आणि मूत थेट जमिनीत जातं. माळावरचा लांडगाही या कळपांवर बराचसा जगतो. मेंढकाला त्याचा तोटा होतो, तरी लांडगा अजून इथे टिकून आहे, यात मेंढकाच्या सोसण्याचा वाटा मोठा आहे. कोणत्या माळाला औंदा विसावा द्यायचा, कुठलं गवत कधी निबर होतं, हे त्याला पुस्तकाशिवाय कळतं. त्याच्या कळपाबरोबरची कुत्री मात्र अभयारण्याला खरोखर धोकादायक आहेत. ती काळविटाची पाडसं मारतात, जमिनीवरच्या घरट्यांपाशी पोचतात, रोग पसरवतात. भागीदारी करायची तर हे तोंडावर बोलावं लागेल.

दुसरे फासेपारधी. तितर आणि लावे फाश्यात धरणारा हा समाज इंग्रजांच्या गुन्हेगार जमाती कायद्यात अडकला. सोलापुरात तर तारेच्या कुंपणात माणसं ठेवली होती, तो भाग आजही सेटलमेंट म्हणूनच ओळखला जातो. 31 ऑगस्ट 1952 ला तो कायदा देशभरातून रद्द झाला. नंतर 1972 चा वन्यजीव कायदा आला आणि शिकार गुन्हा झाली. ते योग्यच झालं, पण त्यातून एक विचित्र कोंडी तयार झाली. अंडी कुठे आहेत, पक्षी कुठे पाणी पितो, हे पारध्याला नेमकं माहीत असतं, आणि ते सांगितलं की संशय त्याच्यावरच. वाशिमकडे फासेपारध्यांनी गवताळ जमीन राखायचं आणि तणमोर या गवताळ माळावरच्या पक्ष्याच्या जागा शोधायचं काम हाती घेतलं, तिथे ही कोंडी थोडी फुटली.

कायद्यात वाट आहे. 2006 च्या वनहक्क कायद्याने भटक्या पशुपालकांचा हंगामी चराईचा हक्क स्पष्ट शब्दांत मान्य केला आहे, आणि अभयारण्यातली जमीन त्यातून वगळलेली नाही. अनुसूचित जमातीत नसलेल्या धनगरांना मात्र तिथल्या तीन पिढ्यांचा, म्हणजे 75 वर्षांचा पुरावा द्यावा लागतो, आणि जो सहा महिने वाटेवर असतो त्याच्याकडे कागद कुठून येणार? वडीलधाऱ्यांचं लेखी निवेदन पुरावा म्हणून चालतं. शिवाय पशुपालकांच्या दाव्यांची पडताळणी ते हजर असतील तेव्हाच करावी, असंही नियमांत आहे.

दिवाळीनंतर लांब गेलेले बरेच कळप पावसाळ्यात माघारी येतात. म्हणजे तलाठी आणि वनरक्षकाने माळावर जायचं ते जून ते सप्टेंबरमध्ये. पण माळढोक, धाविक, चंडोल यांपैकी कुणी ना कुणी तेव्हाच जमिनीवर अंडी घालत असतं. त्यामुळे नुसते महिने बंद करून भागणार नाही, माळाचे तुकडे पाडावे लागतील. या पावसाळ्यात हा तुकडा बंद, तो खुला, पुढच्या वर्षी उलट, आणि घरटं सापडलं तर तेवढी जागा लगेच सोडायची. बंद तुकडा कोणता हे ठरवायच्या बैठकीत वनपालाबरोबर मेंढका आणि पारधी बसलेले हवेत, आणि त्यांचं मत नोंदवहीत उतरायला हवं. कुत्र्यांना लस टोचायची, कळपामागे किती कुत्री चालतील, हे त्याच बैठकीत ठरेल. घरटी शोधून देणाऱ्या पारध्याला दिवसाची मजुरी मिळायला हवी, आणि त्याने दाखवलेल्या जागेवरून त्याचीच चौकशी होणार नाही, असं वनखात्याने लिहून द्यायला हवं.