ऑटोक्रॉस मोटारीचे टायर आणि सस्पेन्शन

मोकळ्या मैदानात किंवा धावपट्टीवर शंकू मांडून वळणावळणाचा मार्ग आखायचा, त्यावरून एका वेळी एकच गाडी सोडायची आणि सर्वांत कमी वेळ घेणाऱ्याला विजयी ठरवायचे, असे ऑटोक्रॉसचे स्वरूप आहे. शंकू पडला की वेळेत दंड मिळवतात. अमेरिकेतील ‘सोलो’ नावाच्या ऑटोक्रॉस स्पर्धांत तो दर शंकूमागे २ सेकंद असतो. फेरी जेमतेम मिनिटभराची आणि गाडी बहुतेक वेळ दुसऱ्याच गिअरमध्ये. त्यामुळे इंजिनाच्या ताकदीपेक्षा टायरची पकड आणि गाडीचा तोल जास्त मोलाचा ठरतो. ब्रिटनमध्ये ऑटोक्रॉस म्हणजे गवतावरची किंवा मातीवरची शर्यत. भारतात ती मातीवरही होते आणि डांबरावरही. या नोंदीत फक्त डांबराचा विचार केला आहे.

मुंबईत १९१९ पासून वेस्टर्न इंडिया ऑटोमोबाइल असोसिएशन आहे, पण कायमचा रेस ट्रॅक नाही. कोइंबतूरचा कारी आणि चेन्नईजवळचा श्रीपेरुंबुदूर हे ट्रॅक हजार किलोमीटरहून लांब आहेत. शिवाय इथल्या हौशी चालकाकडे गाडी बहुधा एकच असते. तीच आठवडाभर ऑफिसला जाते आणि रविवारी शंकूंमधून फिरते. चाकांचा दुसरा संच ठेवायला सोसायटीच्या पार्किंगमध्ये जागा कुठली? म्हणून मुंबईकराची निवड ट्रॅकपेक्षा जास्त खड्डे आणि गतिरोधकच ठरवतात.

पैसा आधी टायरवर घालावा. गाडी जमिनीला टेकते ती चार तळव्यांएवढ्या जागेवर, आणि बाकी सगळी यंत्रणा त्या चार तळव्यांच्या सेवेला असते. रबर किती मऊ आहे याचा अंदाज टायरच्या बाजूवर छापलेल्या ट्रेडवेअर अंकावरून येतो. प्रमाण टायरला १०० धरून झीज किती सावकाश होते ते हा अंक सांगतो. रोजच्या वापराच्या टायरवर तो बहुधा ३०० च्या वर असतो. अमेरिकी सोलो स्पर्धांच्या स्ट्रीट वर्गात (फारसे बदल न केलेल्या गाड्यांच्या गटात) किमान २०० ची अट आहे आणि चिकट टायर बनवणाऱ्या कंपन्या नेमक्या त्याच अंकापाशी येऊन थांबतात. हा अंक कंपनी स्वतःच देते, त्यामुळे दोन कंपन्यांचे २०० सारखे निघतीलच असे नाही. चांगला २०० अंकी टायर साधारण १ जी, म्हणजे गाडीच्या वजनाइतका, आडवा जोर पेलतो, सामान्य टायर ०.८ च्या आसपास.

भारतात असा टायर मिळवणे हीच मोठी अडचण आहे. जून २०२० पासून नव्या टायरांची आयात निर्बंधित यादीत आहे आणि आयएसआय चिन्हही सक्तीचे आहे. एखादा परदेशी संच दुकानात दिसलाच तर बाजूवरचे चार आकडे वाचावेत. पहिले दोन आठवडा सांगतात, पुढचे दोन वर्ष. ‘२३१९’ म्हणजे २०१९ चा तेविसावा आठवडा. पाच-सहा वर्षे पडून राहिलेले रबर कडक होते. त्यापेक्षा ताजा देशी टायर बरा.

मापाचे गणित सोपे आहे. पहिला आकडा रुंदी मिमीत, दुसरा बाजूच्या भिंतीची उंची रुंदीच्या किती टक्के ते, आणि तिसरा रिमचा व्यास इंचांत. १८५/६५ आर १५ हा टायर सुमारे ६२२ मिमी उंच असतो. १९५/६० आर १५ घेतला तर उंची ६१५ मिमी होते, रुंदी वाढते आणि गिअर किंचित छोटा झाल्यासारखा होऊन गाडी वळणातून चटकन उसळते. २०५/५० आर १६ ची उंची ६११ मिमी, पण त्याची बाजूची भिंत जेमतेम १०३ मिमीची. पावसाळ्यात पेव्हर ब्लॉकच्या खाचेत तो आदळला की टायरला फुगा येतो किंवा रिम वाकते. दिसायला सोळा इंच छान, पण मुंबईत पंधराच शहाणपणाचे.

हवेचा दाब हा फुकटचा सुधार. दारावर लिहिलेल्या आकड्यापेक्षा ३-४ पीएसआय जास्त घेऊन सुरुवात करावी आणि टायरच्या खांद्यावर, म्हणजे तळ आणि बाजू मिळतात त्या कडेवर, खडूने रेघ ओढावी. वळणात खडू किती पुसला गेला ते पाहून दाब कमी-जास्त करावा. टायर १० अंश सेल्सिअसने तापला की दाब सुमारे दीड पीएसआयने वाढतो. एकाच गाडीवर दोन चालक असले आणि मे महिन्यातले डांबर असले, तर दोन फेऱ्यांमध्ये टायरवर पाणी शिंपडावे लागते.

सस्पेन्शनबद्दल एक गैरसमज फार पसरलेला आहे: कडक स्प्रिंग लावली की वळणात वजन बाहेर सरकत नाही. प्रत्यक्षात सरकणारे वजन गाडीचा भार, गुरुत्वमध्याची उंची, चाकांमधले आडवे अंतर आणि वळणातला आडवा जोर यांवर ठरते. १००० किलोची गाडी, गुरुत्वमध्य अर्ध्या मीटरवर, चाकांमध्ये १.४५ मीटर अंतर आणि आडवा जोर ०.९ जी असेल, तर सुमारे ३१० किलो भार आतल्या चाकांवरून बाहेरच्या चाकांवर जातो. गाडी २५ मिमी खाली बसवली तरी तो २९५ च होतो. कापलेल्या स्प्रिंगवर नाचणाऱ्यांनी हे गणित एकदा मांडून पाहावे. मॅकफर्सन स्ट्रटची (शॉकअप आणि स्प्रिंग एकाच खांबात असलेली) गाडी फार खाली आणली तर खालचे आर्म आडव्या रेषेच्या वर वळतात. मग गाडी झुकताना चाकाचा निगेटिव्ह कॅम्बर (वरची कड आत झुकलेली असणे) हवा तेव्हाच कमी होतो.

स्प्रिंग आणि अँटी-रोल बार (डावे-उजवे चाक जोडून गाडीचे झुकणे आवरणारी सळई) एवढेच ठरवतात की त्या ३१० किलोतला वाटा पुढे किती आणि मागे किती. टायरवर भार दुप्पट झाला तरी पकड दुप्पट होत नाही. म्हणून जास्त वाटा उचलणारा अक्ष आधी घसरतो. पुढच्या चाकांवर चालणाऱ्या (फ्रंट-व्हील ड्राइव्ह) गाडीचे नाक वळणात बाहेर जाते. तिला मागे जाड बार लावला की मागचा अक्ष जास्त भार उचलतो, आतले मागचे चाक हवेत लटकते आणि नाक वळते. मागच्या चाकांवर चालणाऱ्या गाडीत बहुधा उलट करतात, पुढचा बार जाड घेतात, म्हणजे शेपूट सुटत नाही. पावसात जाड मागचा बार धोक्याचा, एवढे मात्र लक्षात ठेवावे.

टायरनंतर खर्च करायचा तो शॉकअपवर. गळणारा शॉकअप शंकूंच्या रांगेतून जाताना गाडीला एका झोल्यातून दुसऱ्यात ढकलतो. स्ट्रीट वर्गात मूळ स्प्रिंग ठेवून शॉकअप बदलायची मुभा आहे आणि पुढचा किंवा मागचा यांपैकी एकच बार बदलता येतो. रस्त्यावरच्या गाडीसाठीही ही मर्यादा उत्तम. स्प्रिंग बदलायचीच असेल तर एका चाकावर २५० किलो भार असलेल्या कोपऱ्यासाठी १.५ हर्ट्‌झला (सेकंदाला दीड हेलकावे) चाकापाशी सुमारे २२ न्यूटन प्रति मिमी लागतात, २ हर्ट्‌झला ३९. दुसरा आकडा मैदानावर मजेचा, सायन-पनवेल रस्त्यावर शिक्षेचा. सस्पेन्शनच्या सांध्यांतले जुने बुश आणि बॉल जॉइंट तपासल्याशिवाय यातले काहीच करू नये. अलाइनमेंटमध्ये पुढच्या चाकांना जमेल तेवढा निगेटिव्ह कॅम्बर द्यावा. टो (चाके वरून पाहता आत किंवा बाहेर वळलेली असणे) मात्र शून्याजवळच बरा, नाहीतर टायर कडेला झिजतात.

सुटे भाग आणि ॲक्सेसरीज यांसाठी कुर्ल्याचा सीएसटी रोड प्रसिद्ध आहे. तिथे जाण्यापूर्वी मोटार वाहन कायद्याचे कलम ५२ वाचावे: नोंदणी प्रमाणपत्रातील तपशील कंपनीच्या मूळ तपशिलाशी विसंगत ठरेल असा बदल गाडीत करता येत नाही, आणि जानेवारी २०१९ मध्ये सर्वोच्च न्यायालयानेही तसेच म्हटले. कॉइलओव्हर (उंची बदलता येणारा स्प्रिंग-शॉकअपचा जोड) बसवणाऱ्याला आणखी एक काम असते. समुद्राच्या खाऱ्या हवेत त्याच्या आट्यांना गंज चढतो आणि उंची बदलणारे कडे पुढच्या वेळी फिरतच नाही, म्हणून दर पावसाळ्याआधी आटे घासून त्यांवर ग्रीस लावावे लागते.