सचित्र बालपुस्तकांचे पुरस्कार (पुणे)

लहान मुलांच्या सचित्र पुस्तकांना शासन, साहित्यसंस्था आणि विश्वस्त न्यास यांच्याकडून मिळणारे पुरस्कार. मराठी बालपुस्तकांचे लेखन, चित्रे, छपाई आणि विक्री यांतला मोठा वाटा पुण्याचा आहे, त्यामुळे या पुरस्कारांच्या यादीत पुण्यातली नावे वरचेवर दिसतात. यातले बहुतेक पुरस्कार मात्र कथा, कविता, कादंबरी अशा वाङ्मयप्रकारांनुसार दिले जातात. चित्रे कोणी काढली आणि ती मजकुराबरोबर काय काम करतात, हे पाहणारा वेगळा पुरस्कार क्वचितच सापडतो. सचित्र पुस्तकाचा अर्धा कर्ता चित्रकार असतो. त्याला बाजूला ठेवून दिलेला पुरस्कार अर्ध्याच पुस्तकाला मिळतो.

सचित्र पुस्तक आणि चित्रपुस्तक

दोन प्रकार इथे वेगळे धरायला हवेत. एका प्रकारात, म्हणजे सचित्र पुस्तकात, गोष्ट शब्दांतच पूर्ण झालेली असते आणि अधूनमधून एखादा प्रसंग चित्रात दाखवलेला असतो. चित्रे काढून टाकली तरी गोष्ट कळते. मोठ्या मुलांच्या कादंबऱ्या बहुधा अशा असतात. दुसऱ्या प्रकारात, म्हणजे चित्रपुस्तकात, चित्र झाकले की गोष्टच उरत नाही. समजा, पानावर एवढेच वाक्य आहे : ‘चिनू शहाण्यासारखी झोपली.’ चित्रात पांघरुणाच्या आतून टॉर्चचा उजेड येतो आहे आणि कडेने मांजराची शेपटी बाहेर आली आहे. वाक्य सांगते एक आणि चित्र सांगते दुसरेच. वाचता न येणाऱ्या मुलालाही त्यातली गंमत आधी कळते आणि मूलच आईला ती बोट ठेवून दाखवते. हे पुस्तक निव्वळ ‘बालकथा’ म्हणून तपासले, तर परीक्षकापुढे तीन शब्दांचे एक सपक वाक्य येईल.

पुण्यातली पूर्वपीठिका

विष्णुशास्त्री चिपळूणकर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १८७८ मध्ये पुण्यात चित्रशाळा हा छापखाना काढला. शिळाछापावर, म्हणजे दगडावरून छापण्याच्या पद्धतीने, देवदेवतांची आणि मराठ्यांच्या इतिहासातल्या पुरुषांची रंगीत चित्रे तिथे निघत आणि ती घरोघरी भिंतीवर लागत. याच संस्थेने १९१० मध्ये ‘चित्रमयजगत’ हे मासिक सुरू केले. मुलांसाठी वासुदेव गोविंद आपटे यांनी १९०६ मध्ये ‘आनंद’ मासिक काढले. पुढे गोपीनाथ तळवलकरांनी ते सांभाळले. म्हणजे चित्रे छापण्याची सोय आणि मुलांसाठी लिहिण्याची ओढ या शहरात एकाच काळात होती, पण पुस्तकाच्या पानावर या दोन गोष्टी जवळ यायला बराच वेळ लागला.

त्याचे एक कारण अगदी रोकडे होते. खिळे, म्हणजे धातूची सुटी अक्षरे, जुळवून छापण्याच्या काळात प्रत्येक चित्राचा धातूचा ब्लॉक करून घ्यावा लागे. रेघांच्या चित्राचा लाइन ब्लॉक वेगळा, छटा असलेल्या चित्राचा हाफटोन वेगळा, आणि ब्लॉकचा आकार चौरस इंचावर. दुसरा रंग हवा असेल तर दुसरा ब्लॉक आणि कागद यंत्रातून पुन्हा एकदा काढायचा. प्रकाशक साहजिकच हात आखडता घेई. रंगीत मुखपृष्ठ, आत काळ्या रेघांची मोजकी चित्रे, तीही पानाच्या कोपऱ्यात किंवा प्रकरणाच्या डोक्यावर, असा साचा त्यातून बसला आणि बरीच वर्षे टिकला. चित्र म्हणजे मजकुराची सजावट, ही समजूत या खर्चातून आली. असे ब्लॉक न लागणारी ऑफसेट छपाई आल्यावर खर्चाचे गणित बदलले, समजूत मात्र तिथेच राहिली. आजच्या पुरस्कारांच्या रचनेत ती अजून दिसते.

पाठ्यपुस्तकांनी ही कोंडी बऱ्याच अंशी फोडली. महाराष्ट्र राज्य पाठ्यपुस्तक निर्मिती व अभ्यासक्रम संशोधन मंडळ, म्हणजे बालभारती, २७ जानेवारी १९६७ रोजी स्थापन झाले. त्याचे मुख्य कार्यालय सेनापती बापट रस्त्यावर आहे. राज्यातल्या खेड्यापाड्यांतल्या असंख्य मुलांनी हातात धरलेले पहिले चित्रांचे पुस्तक बालभारतीचेच असते, ही बाब बालसाहित्याच्या चर्चेत नेहमी निसटते. शि. द. फडणीस यांनी बालभारतीच्या गणिताच्या पुस्तकांसाठी चित्रे काढली. शब्दांवाचून बोलणारे हास्यचित्र ही त्यांची खासियत, आणि गणिताच्या पानाला नेमकी तीच हवी होती. बेरीज-वजाबाकीला बिचकणारे मूल आधी चित्राला हसते आणि मग आकड्यांकडे वळते. या कामाला कोणत्याही बालवाङ्मय पुरस्काराच्या वर्गवारीत जागा नव्हती, कारण पाठ्यपुस्तक साहित्यात धरत नाहीत आणि चित्रकार लेखकांत बसत नाही.

१९७१ मध्ये बालदिनाच्या निमित्ताने बालभारतीने ‘किशोर’ मासिक सुरू केले. कथा-कवितांबरोबर चित्रकारांना भरपूर जागा देणारे हे मासिक आजही निघते, आणि त्याचे जुने अंक बालभारतीने संगणकावर सर्वांसाठी खुले केले आहेत. चार-पाच दशकांत मराठी मुलांसाठी चित्रे कशी बदलत गेली, हे एका बैठकीत पाहायचे असेल तर त्याहून सोयीची जागा नाही.

माधुरी पुरंदरे यांचे काम

या विषयात एका नावापाशी थांबावेच लागते. पुण्यात राहणाऱ्या माधुरी पुरंदरे (जन्म १९५२) या स्वतःच लिहितात आणि स्वतःच चित्रे काढतात. त्यांचे कलाशिक्षण मुंबईच्या सर जे. जे. कलाशाळेत आणि पॅरिसमध्ये झाले. ज्योत्स्ना प्रकाशनाने काढलेली ‘राधाचं घर’ ही त्यांची मालिका घरातल्या साध्या माणसांभोवती फिरते. तिथे बोधाचा डोस नाही, राक्षस नाही, राजपुत्र नाही. घर आहे, घरातली माणसे आहेत आणि त्यांची रोजची कामे आहेत. ‘वाचू आनंदे’ या त्यांनी संपादित केलेल्या पुस्तकांत मराठी साहित्यातले उतारे आणि भारतीय चित्रकला यांची मुलांना एकत्र ओळख होते. उताऱ्याशेजारचे चित्र त्या उताऱ्यासाठी काढलेले असेलच असे नाही. ते स्वतंत्र कलाकृती म्हणून पाहायचे असते. मराठी मुलांना चित्र ‘वाचायला’ शिकवणारे इतके सलग काम दुसरे दाखवता येणार नाही.

पुरस्कारांच्या रचनेतली अडचणही त्यांच्याच उदाहरणात नीट दिसते. साहित्य अकादमीने २०१४ मध्ये त्यांना बालसाहित्यातल्या एकूण योगदानासाठी बाल साहित्य पुरस्कार दिला. लेखन आणि चित्रे एकाच व्यक्तीची असल्यामुळे इथे प्रश्न आपोआप सुटला. लेखक एक आणि चित्रकार दुसरा असता तर व्यासपीठावर एकालाच बोलावले गेले असते.

प्रमुख पुरस्कार

राज्य शासनाच्या यशवंतराव चव्हाण राज्य वाङ्मय पुरस्कारांत बालवाङ्मयासाठी सहा पुरस्कार आहेत. कवितेसाठी बालकवींच्या, नाटक-एकांकिकेसाठी भा. रा. भागवत यांच्या, कादंबरीसाठी साने गुरुजींच्या, कथेसाठी राजा मंगळवेढेकर यांच्या, सर्वसामान्य ज्ञानासाठी यदुनाथ थत्ते यांच्या आणि संकीर्ण लेखनासाठी ना. धो. ताम्हणकर यांच्या नावाने ते दिले जातात. नावे सगळी आदराची आहेत आणि त्यांतल्या मंगळवेढेकर, थत्ते यांचे काम पुण्याशी घट्ट जोडलेले आहे. पण सहांपैकी एकही पुरस्कार चित्रांसाठी नाही. तीन ते सहा वर्षांच्या मुलांचे चित्रपुस्तक पाठवायचे तर ते ‘कथा’ म्हणून किंवा फार तर ‘संकीर्ण’ म्हणून पाठवावे लागते, आणि तिथे त्याची गाठ शंभर-दीडशे पानांच्या कथासंग्रहाशी पडते. ही स्पर्धा मुळातच बरोबरीची नाही.

साहित्य अकादमीचा बाल साहित्य पुरस्कार २०१० पासून २४ भाषांत दिला जातो. ५० हजार रुपये आणि ताम्रपट असे त्याचे स्वरूप आहे. मराठीतला पहिला पुरस्कार पुण्याचे अनिल अवचट यांना मिळाला. पुढे पुण्यातल्याच ल. म. कडू (२०१७, ‘खारीच्या वाटा’) आणि संगीता बर्वे (२०२२, ‘पियूची वही’) यांनाही तो मिळाला. हाही पुरस्कार लेखकाचाच आहे.

१९०६ मध्ये स्थापन झालेली, टिळक रस्त्यावरची महाराष्ट्र साहित्य परिषद दरवर्षी ग्रंथ पुरस्कार देते. पुण्यातच अमरेंद्र गाडगीळ यांच्या पुढाकाराने उभ्या राहिलेल्या अखिल भारतीय मराठी बालकुमार साहित्य संस्थेने बालसाहित्याची संमेलने भरवली आणि बालपुस्तकांचा गौरव करण्याची प्रथाही जपली.

चित्रकाराला वेगळे आणि लेखकाच्या बरोबरीचे स्थान देणारा ठळक प्रयत्न आला तो टाटा ट्रस्ट्सच्या ‘पराग’ उपक्रमाकडून. २०१६ पासूनच्या बिग लिटल बुक ॲवॉर्डमध्ये लेखकासाठी दर वर्षी एक भारतीय भाषा निवडतात आणि चित्रकाराचा पुरस्कार भाषेच्या अटीशिवाय, स्वतंत्रपणे देतात. पहिल्या वर्षी निवडलेली भाषा मराठी होती. लेखनाचा पुरस्कार माधुरी पुरंदरे यांना आणि चित्रांचा अतनू रॉय यांना मिळाला. जगात ही कल्पना नवी नाही. अमेरिकेतले कॅल्डेकॉट पदक १९३८ पासून चित्रपुस्तकाच्या चित्रकाराला मिळते, आणि हान्स ख्रिश्चन अँडरसन पुरस्कारात १९६६ पासून चित्रकारांसाठी वेगळा पुरस्कार आहे. मराठीतल्या, विशेषतः पुण्यातल्या, संस्थांनी तो नमुना घ्यायला काहीच हरकत नाही. अभिनव कला महाविद्यालयातून दर वर्षी बाहेर पडणाऱ्या मुलामुलींना पुस्तकांच्या चित्रांकडे वळण्यासाठी तेवढे निमित्त पुरेल.

परीक्षण कसे व्हावे

बालवाङ्मयाच्या परीक्षक मंडळावर बहुधा लेखक, समीक्षक आणि मराठीचे प्राध्यापक असतात. त्यांचा अधिकार भाषेचा असतो आणि तो हवाच. पण चित्रपुस्तकाची पाहणी करताना भाषेबाहेरच्या बऱ्याच गोष्टी पाहाव्या लागतात. समोरासमोरच्या दोन पानांवर एकच चित्र पसरले असेल, तर मधल्या घडीत कोणाचे तोंड गेले आहे का? पान उलटण्याच्या जागी उत्सुकता ताणली आहे की उत्तर आधीच दाखवून टाकले आहे? अक्षरे चित्राच्या गडद भागावर छापून वाचेनाशी झाली आहेत का? पातळ कागदामुळे मागच्या पानाचे चित्र पुढच्या पानावर उमटते का? बरीचशी पुस्तके या शेवटच्या परीक्षेतच मागे पडतात.

पानांची संख्याही समजून घ्यायला हवी. मोठा कागद घडी घालून छापला जातो, त्यामुळे पाने आठाच्या किंवा सोळाच्या पटीत येतात आणि चित्रपुस्तके साधारण १६, २४ किंवा ३२ पानांची होतात. मधोमध पिना मारलेल्या सोळा पानांत आरंभ, गुंता आणि शेवट बसवणे हे कसब आहे. ‘पुस्तक फारच लहान आहे’ हा शेरा मारण्याआधी परीक्षकाने ते एखाद्या चार वर्षांच्या मुलाला मांडीवर घेऊन मोठ्याने वाचून पाहावे. मूल दुसऱ्यांदा वाचायला लावते की नाही, हे पुस्तकाबद्दल पुष्कळ सांगते. मंडळावर एक चित्रकार आणि एक बालवाडीची ताई असावी, आणि गुण मजकुराला व चित्राला वेगवेगळे न देता दोन्हींच्या जोडकामाला द्यावेत.

आणखी एक गोष्ट पुण्यातल्या मंडळांनी डोळ्यांत तेल घालून पाहायला हवी. पुण्यात तयार होणाऱ्या पुस्तकांतले घर बरेचदा पुण्याचेच असते : सोफा, बाल्कनी, चष्मा लावून पेपर वाचणारे आजोबा. गडचिरोलीचे, नंदुरबारचे किंवा ऊसतोडीला जाणाऱ्या कुटुंबातले मूल चित्रात दिसले, तरी नायक म्हणून क्वचित येते. वारली आकृत्यांची पट्टी पानाच्या कडेला काढली म्हणजे आदिवासी मूल पुस्तकात आले असे होत नाही.

पुरस्कारानंतर

पुरस्काराचा परिणाम सर्वांत आधी विक्रीवर होतो. अप्पा बळवंत चौकातल्या दुकानांत आणि २०२३ पासून फर्ग्युसन महाविद्यालयाच्या मैदानावर भरणाऱ्या पुणे पुस्तक महोत्सवात ‘पुरस्कारप्राप्त’ ही चिठ्ठी पालकांना धीर देते. शाळांच्या ग्रंथालयांची खरेदी तर बरीचशी याद्यांवरच चालते. या खरेदीचा लाभ लेखकाला मानधनाच्या टक्केवारीतून मिळत राहतो. चित्रकाराला मात्र बहुधा सुरुवातीला एकरकमी पैसे दिलेले असतात, आणि आवृत्त्या कितीही निघाल्या तरी त्यात भर पडत नाही. १९५७ चा कॉपीराइट कायदा चित्राला कलाकृती आणि चित्रकाराला तिचा कर्ता मानतो, त्यामुळे करारात टक्केवारी, पुनर्वापर आणि मूळ चित्रे परत देण्याची अट घालायला कायद्याची आडकाठी नाही. पुरस्कार देणाऱ्या संस्था इथे थेट मदत करू शकतात. चित्रकाराचे नाव मुखपृष्ठावर असणे आणि रक्कम दोघांत सारखी वाटणे, एवढ्या दोन अटी प्रवेशिकेत घातल्या तरी प्रकाशकांची पद्धत बदलेल. ग्रंथालयाच्या दाखलनोंद वहीत आज शीर्षक, लेखक, प्रकाशक, वर्ष आणि किंमत असे रकाने असतात. चित्रकारासाठी एक रकाना वाढवायला कोणाच्याही मंजुरीची वाट पाहावी लागत नाही.