मुठेल वितळतं कधी?

'शरीराच्या उष्णतेनं वितळणारं कोकम बटर' असं एका डबीवर वाचलं आणि राहवलं नाही. कोकम बटर म्हणजे आपलं मुठेल, कोकमाच्या बियांचं घट्ट तेल. त्याचा खडा तळहातावर ठेवून बघा. त्वचेचं तापमान साधारण ३२ ते ३४ अंश सेल्सिअस, टाचेचं त्याहून कमी. मुठेलाला वितळायला ४० अंशांच्या आसपास ऊब लागते. म्हणून तर कोकणात ते आधी गरम करून मग टाचांच्या भेगांत भरतात.

रातांब्याच्या, म्हणजे कोकमाच्या फळाच्या, सालांची आमसुलं होतात. बिया वाळवून, कुटून पाण्यात उकळल्या की तेल वर तरंगतं, आणि निवताना घट्ट झालं की मुठीत दाबून त्याचे गोळे वळतात.

पण बियांचंच तेल, मग शेंगदाण्याच्या तेलासारखं पातळ का नाही? तेलाच्या रेणूत ग्लिसरॉलला मेदाम्लांच्या तीन साखळ्या जोडलेल्या असतात. मुठेलात मुख्य आम्लं दोनच: निम्म्याहून जास्त स्टिअरिक, उरलेलं बहुतेक ओलेइक. दोन्हींत कार्बन १८च. ओलेइकमध्ये हायड्रोजन फक्त दोन कमी. मात्र त्यामुळे नवव्या-दहाव्या कार्बनमध्ये दुहेरी बंध येतो आणि तिथं साखळी कोपरात दुमडल्यासारखी वाकते. सरळ काटक्यांची मोळी घट्ट बसते, वाकड्यांची बसत नाही. शुद्ध स्टिअरिक आम्ल ६९ अंशांना वितळतं, ओलेइक १३-१४ला. दोन हायड्रोजनांपायी ५५ अंशांचं अंतर!

मुठेलाच्या बहुतेक रेणूंत वाकडी साखळी मधोमध आणि सरळ दोन्ही कडांना असते. असे एकसारखे रेणू शिस्तीत रचले जातात आणि जवळजवळ एकाच वेळी सुटतात. चॉकलेटमधल्या कोको बटरची रचनाही अशीच, पण त्यात कडेला बऱ्याचदा १६ कार्बनचं पामिटिक आम्ल येतं. म्हणून ते ३४ अंशांच्या आसपास, तोंडातच वितळतं. चॉकलेट उन्हाळ्यात घट्ट राहावं म्हणून त्यात कोकमाची चरबी घालता येते. युरोपीय संघाच्या २०००च्या चॉकलेट नियमांत परवानगी मिळालेल्या सहा वनस्पतिजन्य मेदांत ती आहे.

मुठेलानं वजन उतरतं, हा प्रचार मात्र निराधार आहे. त्यासाठी ज्याचं नाव घेतात ते हायड्रॉक्सिसिट्रिक आम्ल फळाच्या सालीत असतं आणि पाण्यात विरघळतं. बियांच्या तेलात ते येणार कुठून? भेगांवर मुठेल उपयोगी पडतं ते कातडीतलं पाणी उडू न देणारा थर धरतं म्हणून. शिवाय दोन-दोन दुहेरी बंधांची, हवेतला ऑक्सिजन चटकन पकडणारी साखळी त्यात अगदी थोडी असते, त्यामुळे ते लवकर खवट होत नाही.