शिकारी रायफलीचे कॅलिबर

रायफलीच्या नळीच्या आतल्या व्यासाला कॅलिबर म्हणतात. शिकाऱ्यांच्या बोलण्यात मात्र हा शब्द व्यासापुरता राहत नाही. गोळीची जाडी, काडतुसाच्या कवचाची लांबी आणि त्यात मावणारी दारू मिळून जे विशिष्ट काडतूस ठरते, त्याच्या नावाने कॅलिबर ओळखले जाते. रायफलीचा कोठा (चेंबर) एकाच काडतुसाच्या मापाने कातलेला असतो, म्हणून पहिली रायफल निवडणे म्हणजे मुख्यतः काडतूस निवडणे होय.

शब्दाच्या उगमाबद्दल दोन मते आहेत. फ्रेंचमध्ये तो साधारणपणे पंधराव्या शतकाच्या अखेरीपासून आढळतो. बहुतेक कोशकार तो अरबी ‘कालिब’ म्हणजे साचा या शब्दाकडे, आणि त्याच्याही मागे मोचीच्या लाकडी ठोकळ्याच्या ग्रीक नावाकडे नेतात. दुसरे मत लॅटिन ‘क्वा लिब्रा’ म्हणजे ‘किती वजनाचे’ असे मूळ सांगते. तोफा गोळ्याच्या वजनावरून ओळखल्या जात, म्हणून ते आकर्षक वाटते. तरी गोळ्या साच्यातच ओतल्या जात असल्याने पहिले मत अधिक ग्राह्य आहे.

नावातला आकडा नेमके काय मोजतो, हा प्रश्न व्यवहारात जास्त महत्त्वाचा आहे. नळीत आटे, म्हणजे गोळीला फिरकी देणाऱ्या सर्पिल खाचा, कोरलेले असतात. समोरासमोरच्या उंचवट्यांमधले अंतर हे एक माप, आणि खाचेच्या तळापासून समोरच्या खाचेच्या तळापर्यंतचे अंतर हे दुसरे. गोळी दुसऱ्या मापाची असते, नाव मात्र कधी पहिल्यावरून तर कधी दुसऱ्यावरून पडते. नावात सुरुवातीला टिंब असेल, तर आकडा इंचांतला असतो. .३०८ विंचेस्टरमध्ये उंचवट्यांतले अंतर ७.६२ मिमी. आणि गोळी ७.८२ मिमी.; नाव गोळीवरून आहे. .३०३ ब्रिटिशचे नाव उंचवट्यांवरून आहे, गोळी सुमारे ०.३११ इंचाची असते. .२७० विंचेस्टरची गोळी ०.२७७ इंचाची. .३०-०६ मधला ०६ हा १९०६ या वर्षाचा, तर .३०-३० मधला दुसरा ३० हा मुळातल्या बिनधुराच्या दारूच्या ग्रेनचा (१ ग्रेन = सु. ०.०६५ ग्रॅम). त्यामुळे नावांवरून तुलना करण्यात अर्थ नाही.

या गोंधळातून अपघात होतात. जुन्या ८×५७ आय (८ मिमी. कॅलिबर, ५७ मिमी. लांबीचे कवच) नळीसाठी गोळी सुमारे ८.१ मिमी.ची होती, नंतरच्या आयएस प्रकाराची ८.२२ मिमी.ची आहे, जाड गोळी जुन्या नळीतून मारली तर दाब धोक्याच्या पातळीपर्यंत चढतो. .३०० ब्लॅकआउटचे काडतूस .२२३ रेमिंग्टनच्या कोठ्यात बसू शकते आणि ते उडवल्यास रायफल फुटते. नळीवर कोरलेले नाव आणि काडतुसाच्या बुडावरचे नाव अक्षरशः जुळले पाहिजे.

ससा व त्याच्या आकाराच्या सावजासाठी .२२ लाँग रायफल पुरते. गोळी साधारण ४० ग्रेनची, उपयुक्त अंतर ५० ते ७० मी. तिची चुकलेली गोळी दीड किलोमीटरच्याही पुढे जाऊ शकते आणि कठीण जमिनीवरून उसळते, म्हणून मागे मातीचा उतार हवा. कोल्ह्यासाठी .२२२, .२२३ किंवा .२२-२५० ही ५० ते ५५ ग्रेनच्या गोळीची काडतुसे वापरतात. या गोळ्या आघाताबरोबर फुटाव्यात अशाच बनवलेल्या असतात. हरणाच्या फऱ्यावर बसल्यास त्या वरच फुटतात, आत पोचत नाहीत आणि जखमी जनावर निसटते.

हरणांसाठी .२४३ विंचेस्टर (९५ ते १०० ग्रेन), ६.५×५५ स्वीडिश आणि ६.५ क्रीडमूर ही सौम्य काडतुसे, ७ मिमी.-०८, .२७० आणि .३०८ त्यांच्यापेक्षा जड. कायद्याच्या मर्यादा देशागणिक बदलतात. जर्मनीत रो या लहान हरणासाठी १०० मी.वर किमान १,००० जूल ऊर्जा लागते. इतर खुरी सावजासाठी किमान ६.५ मिमी. कॅलिबर आणि २,००० जूल. त्यामुळे तिथे .२४३ रानडुकराला चालत नाही. इंग्लंडमध्ये किमान मर्यादा .२४० असल्याने तीच रायफल लाल हरणासाठी कायदेशीर ठरते. एल्क व मूस या मोठ्या हरणांसाठी सहसा १८० ग्रेनची .३०-०६ सुचवतात, स्वीडनमध्ये मात्र ६.५×५५ मधून १० ग्रॅमच्या लांब गोळीने मूसची शिकार फार पूर्वीपासून होत आली आहे.

जड, संथ गोळी बरी की हलकी, वेगवान, हा वाद अमेरिकेत एल्मर कीथ आणि जॅक ओकॉनर या बंदूकविषयक लेखकांच्या नावांनी ओळखला जातो. कीथ पहिल्या बाजूचे, ओकॉनर .२७० चे पुरस्कर्ते. आफ्रिकेतले हत्तींचे शिकारी डब्ल्यू. डी. एम. बेल यांनी ७×५७ ने शेकडो हत्ती मारले, हे उदाहरण त्यात नेहमी दिले जाते. पण ते कसलेल्या नेमबाजाचे आहे, नवशिक्याला लागू पडत नाही. गोळी कुठे बसली आणि ती आत किती खोल गेली, याला जूलच्या आकड्यापेक्षा अधिक महत्त्व देणे रास्त आहे.

म्हणूनच पहिल्या रायफलीत निर्णायक ठरतो तो गोळी सुटताना खांद्याला बसणारा धक्का, कारण त्याच्या धास्तीने नेम चुकतो. सुमारे साडेतीन किलोच्या रायफलीत .२४३ चा धक्का १२ ते १४ जूल, ६.५ क्रीडमूरचा १६ च्या आसपास, .३०८ चा २१ ते २४, .३०-०६ चा २५ ते २८, तर .३०० विंचेस्टर मॅग्नमचा ३५ किंवा अधिक भरतो. रायफल अर्धा किलो हलकी घेतली की हे आकडे लगेच वाढतात. जड धक्क्याची सवय नसलेला माणूस चाप ओढण्याआधीच दचकतो आणि गोळी खाली जाते. याची परीक्षा सोपी आहे: दुसऱ्याने मॅगझिनमध्ये खऱ्या काडतुसांत दोन-तीन निष्क्रिय सराव-काडतुसे मिसळून द्यावीत. निष्क्रिय काडतुसावर नळीचे तोंड हलले, तर दोष नेमबाजाचा. नळीच्या तोंडावर बसवलेला ब्रेक (वायू बाजूंना वळवणारा तुकडा) धक्का कमी करतो, पण आवाज कानांसाठी जास्त घातक होतो. दस्ता लांब असला तर सौम्य काडतूसही खांद्याला लागते.

गोळी आणि आट्यांचा पीळ (नळीच्या किती लांबीत आटे एक वेढा घेतात) यांचा मेळ हा पुढचा मुद्दा. १९५५ मध्ये .२४३ विंचेस्टर १० इंचांत एक वेढा अशा पिळाने आले, त्याच वर्षी .२४४ रेमिंग्टन १२ इंचांत एक अशा पिळाने. दुसऱ्यात १०० ग्रेनची लांब गोळी नीट स्थिर होईना, आणि हरणाच्या शिकाऱ्यांना तीच हवी होती. रेमिंग्टनने १९६३ मध्ये ९ इंचांचा पीळ देऊन त्याला ६ मिमी. रेमिंग्टन हे नवे नाव दिले, तोवर बाजार .२४३ ने घेतला होता. शिशाविना केवळ तांब्याच्या गोळ्यांनी हा प्रश्न पुन्हा आणला आहे. तांबे हलके असल्याने त्याच वजनाची गोळी लांब होते आणि जलद पीळ मागते. शिवाय अशा अनेक गोळ्यांना फुलण्यासाठी आघाताच्या वेळी सेकंदाला सुमारे ६०० मी. वेग लागतो, दूरवर तो उरत नाही आणि गोळी अरुंद भोक पाडून आरपार जाते. अशा वेळी नेहमीपेक्षा एक पायरी हलकी गोळी निवडतात.

.३७५ एच. अँड एच. (१९१२) व त्यापुढची काडतुसे रानरेडा, हत्ती यांसारख्या धोकादायक सावजासाठी आहेत. पहिल्या रायफलीच्या विचारात ती येत नाहीत.

काडतूस ठरल्यावर तीन-चार जातींच्या पेट्या आणून प्रत्येकीतून १०० मी.वर पाच गोळ्यांचे झुबके (लक्ष्यावरच्या भोकांचे पुंजके) मारून पाहतात. सर्वांत घट्ट झुबका देणाऱ्या जातीचा एकाच लॉटचा (एकाच वेळी तयार झालेल्या मालाचा) साठा घेतात. लॉट बदलला की गोळी काही सेंटिमीटर सरकू शकते, तेव्हा दुर्बीण पुन्हा जुळवावी लागते.