धमनीतील अडथळा : दिसलेला आणि मोजलेला

अँजिओग्राफी आटोपून डॉक्टर बाहेर आले की नातेवाईकांचा पहिला प्रश्न ठरलेला असतो : ‘ब्लॉकेज किती टक्के?’ सत्तर असे उत्तर मिळाले की तोच आकडा फोनवरून सगळ्या सोयऱ्याधायऱ्यांत फिरतो आणि स्टेंट टाकायचा की नुसत्या गोळ्यांवर भागेल, याचा निकालही घरच्या घरी त्याच आकड्यावरून लावला जातो. रक्तातील साखरेप्रमाणे हाही एखाद्या यंत्राने मोजून दिलेला आकडा असावा, असा सर्वसाधारण समज आहे. प्रत्यक्षात बहुतेक वेळा तो पडद्यावरील चित्र पाहून अनुभवी डोळ्यांनी बांधलेला अंदाज असतो. शिवाय तो संगणकाने काटेकोरपणे मोजला, तरी त्यातून कळतो तो अडथळ्याचा आकार. त्या अडथळ्यापलीकडे हृदयाच्या स्नायूला रक्त किती पोहोचते, हा प्रश्न निराळाच राहतो.

करोनरी धमन्यांचे चित्र घेण्याची पद्धत १९५८ साली अमेरिकेतील क्लीव्हलँड क्लिनिकमध्ये मेसन सोन्स यांच्या हातून काहीशी अपघातानेच सुरू झाली. महाधमनीत सोडायचे रंगद्रव्य चुकून थेट उजव्या करोनरी धमनीत गेले. रुग्ण त्यातून बचावला आणि जिवंत माणसाच्या हृदयाच्या धमन्या स्पष्ट दिसू शकतात, हे सिद्ध झाले. मात्र हे चित्र म्हणजे धमनीच्या पोकळीची सावली असते. पोकळी एका बाजूने चपटी झाली असेल, तर एका कोनातून ती चिंचोळी दिसते आणि दुसऱ्या कोनातून जवळजवळ निरोगी. त्यातही टक्के काढताना अरुंद जागेची तुलना शेजारच्या ‘चांगल्या’ भागाशी केली जाते आणि तो शेजारीच पुष्कळदा आजारी असतो. भिंतीत चरबीचा थर साचू लागला की धमनी सुरुवातीला बाहेरच्या बाजूने फुगून पोकळी राखते, हे शिकागोच्या सीमोर ग्लागोव्ह यांनी १९८७ मध्ये दाखवून दिले. त्यामुळे चित्रात निर्दोष दिसणाऱ्या धमनीच्या भिंतीतही बराच आजार दडलेला असू शकतो. आणखी एक गोष्ट सहसा सांगितली जात नाही : हे टक्के व्यासाचे असतात. गोल पोकळीचा व्यास ५० टक्क्यांनी घटला तर क्षेत्रफळ ७५ टक्क्यांनी घटते, आणि व्यास ७० टक्क्यांनी घटला तर सुमारे ९१ टक्क्यांनी.

तरीही एवढा अडथळा असलेली माणसे आरामात बसलेली असताना त्यांना काहीच त्रास होत नाही. विश्रांतीच्या वेळी हृदयाच्या स्नायूला मिनिटाला साधारण पाव लिटर रक्त मिळते आणि त्यातला बहुतांश प्राणवायू तो तेव्हाच काढून घेतो. त्यामुळे जिना चढताना मागणी वाढली की त्याच रक्तातून आणखी प्राणवायू काढण्याला फारसा वाव उरत नाही. प्रवाहच वाढवावा लागतो आणि निरोगी हृदयात तो चार-पाच पटींपर्यंत वाढू शकतो. ही वाढ मोठ्या धमन्यांच्या नव्हे, तर चित्रात दिसतही नाहीत अशा सूक्ष्म धमनिकांच्या हातात असते. वर अडथळा आला की खाली या धमनिका सैल होतात आणि प्रवाह टिकवून धरतात. अमेरिकेतील लान्स गोल्ड यांनी १९७४ मध्ये कुत्र्यांवर केलेल्या प्रयोगांत व्यास सुमारे ८५ टक्क्यांनी घटेपर्यंत विश्रांतीचा प्रवाह कमी झाला नाही. पण जास्तीत जास्त वाढू शकणारा प्रवाह मात्र ५० टक्क्यांच्या आसपासच उतरणीला लागला. म्हणजे आधी संपते ती राखीव क्षमता, आणि नेमकी तीच साध्या चित्रात दिसत नाही.

ही राखीव क्षमता किती उरली आहे, हे केवळ टक्क्यांवर ठरत नाही. अडथळा आखूड आहे की लांबलचक, एकामागोमाग एक असे दोन-तीन आहेत का, अरुंद जागेतून बाहेर पडताना रक्ताचे भोवरे किती होतात, यांवर दाबाची घट अवलंबून असते. त्याहून महत्त्वाचे म्हणजे त्या धमनीवर किती स्नायू पोसला जातो. अर्धवट बुजलेला एकच नळ एका खोलीपुरता असेल तर कोणाच्या लक्षातही येत नाही. तोच साऱ्या चाळीचा असेल तर सकाळी भांडणे होतात. डाव्या बाजूच्या मुख्य पुढच्या धमनीच्या उगमाजवळचा ६० टक्के अडथळा आणि एखाद्या बारीक शाखेतला ६० टक्के अडथळा यांचा अर्थ म्हणूनच एक नसतो. पूर्वीच्या झटक्यात स्नायूचा मोठा भाग मृत झाला असेल तर मागणीच घटलेली असते, आणि शेजारच्या धमनीकडून आडवाटेने रक्त येत असेल तर गणित आणखी बदलते. आयोवा विद्यापीठातील डॉक्टरांनी १९८४ मध्ये हृदयाची शस्त्रक्रिया चालू असतानाच धमन्यांतील प्रवाहाचा वेग मोजला, तेव्हा अँजिओग्राफीवरून सांगितलेले टक्के आणि प्रवाह वाढण्याची क्षमता यांचा मेळ बसला नाही.

गंमत अशी की अडथळ्यापलीकडचा दाब मोजण्याची कल्पना अँजिओप्लास्टीइतकीच जुनी आहे. १९७७ मध्ये झुरिक येथे आंद्रेआस ग्रुन्टझिग यांनी पहिल्यांदा फुगा वापरून करोनरी धमनी रुंद केली, तेव्हा त्यांच्या नळीतून अडथळ्याच्या अलीकडचा व पलीकडचा दाबही मोजता येत होता. पुढे चित्र अधिकाधिक स्पष्ट होत गेले आणि दाबाची मोजणी मागे पडली. तिला पक्के शास्त्रीय रूप दिले ते नेदरलँड्सचे निको पेल्स आणि बेल्जियमचे बर्नार्ड द ब्राउने यांनी, १९९० च्या दशकात. त्यांचा तर्क साधा होता. औषध देऊन सूक्ष्म धमनिका पूर्ण सैल केल्या की त्यांचा विरोध किमान आणि स्थिर होतो. मग प्रवाह दाबाच्या प्रमाणात राहतो आणि दोन दाबांच्या गुणोत्तरावरून प्रवाहाचा किती हिस्सा शिल्लक आहे ते सांगता येते. याला फ्रॅक्शनल फ्लो रिझर्व्ह, म्हणजे एफएफआर म्हणतात.

कॅथलॅबमध्ये, म्हणजे अँजिओग्राफी करण्याच्या खोलीत, ही मोजणी जवळून पाहण्यासारखी असते. जेमतेम ०.३६ मिलिमीटर जाडीच्या वायरवर, टोकापासून थोडे अलीकडे, दाब ओळखणारा बारीकसा संवेदक बसवलेला असतो. आधी वायर धमनीच्या तोंडाशी थांबवून दोन्ही दाब सारखे दिसतात ना, याची खात्री करतात. मग ती अडथळा ओलांडून पुढे नेतात. समजा, या वेळी पडद्यावर महाधमनीचा सरासरी दाब ९६ आणि पलीकडचा ९० दिसतो आहे. तो पाहून कोणीही निर्धास्त होईल. आता शिरेतून अ‍ॅडेनोसिन, म्हणजे धमनिका सैल करणारे औषध, सुरू होते, वजनाच्या दर किलोमागे मिनिटाला १४० मायक्रोग्रॅम. रुग्णाला छातीत जडपणा आणि थोडी धाप जाणवते, तशी आधी कल्पना दिलेली असते. दोन रेषा एकमेकींपासून दूर जातात आणि आकडे ८८ व ६६ वर स्थिरावतात. गुणोत्तर ०.७५, म्हणजे हा अडथळा नसता तर जेवढे रक्त पोहोचू शकले असते त्याच्या तीन चतुर्थांशच पोहोचते आहे. निरोगी धमनीत हे गुणोत्तर १ असते, आणि ०.८० किंवा त्याखाली उतरले की अडथळा रक्तपुरवठ्याच्या दृष्टीने गंभीर धरतात. त्यानंतर औषध चालू असतानाच वायर हळूहळू मागे ओढतात. दाब एका जागी पायरीसारखा उडी मारून वर आला तर स्टेंट नेमका तिथे उपयोगी पडतो. तो सबंध लांबीभर थोडाथोडा वाढत आला तर आजार सगळीकडे पसरलेला आहे आणि एका जागच्या स्टेंटने फारसे काही साधणार नाही.

डोळ्यांचा अंदाज कितपत चुकतो, याचे उत्तर अमेरिका व युरोपातील १,००५ रुग्णांवर झालेल्या आणि २००९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या ‘फेम’ चाचणीने दिले. चित्रात ५० ते ७० टक्के दिसणाऱ्या अडथळ्यांपैकी फक्त ३५ टक्के मोजणीत गंभीर निघाले. ७१ ते ९० टक्के दिसणाऱ्यांतही पाचातला एक गंभीर नव्हता; ९० टक्क्यांच्या वर मात्र डोळा आणि वायर यांचे जवळजवळ एकमत झाले. मोजून उपचार केलेल्या गटात दर रुग्णामागे सरासरी १.९ स्टेंट लागले, चित्रावरून उपचार केलेल्या गटात २.७, आणि वर्षभरात मृत्यू, हृदयविकाराचा झटका किंवा पुन्हा प्रक्रिया यांपैकी काहीतरी घडण्याचे प्रमाण अनुक्रमे १३.२ व १८.३ टक्के होते. त्याआधीच्या ‘डिफर’ चाचणीत, मोजणीत सौम्य ठरलेला अडथळा स्टेंट न टाकता तसाच ठेवलेल्या रुग्णांना १५ वर्षांत झटके कमी आले : २.२ टक्के, तर फुग्याने किंवा स्टेंटने धमनी रुंद केलेल्यांत १० टक्के. स्टेंट हीदेखील एक परकी वस्तू आहे आणि गरज नसताना बसवली तर तिचे धोके तेवढे पदरात पडतात, हे या आकड्यांवरून उघड होते. भारतात फेब्रुवारी २०१७ मध्ये स्टेंटच्या किमतींवर सरकारी मर्यादा आली, तेव्हा चर्चा रास्तपणे पैशांची झाली. स्टेंटची गरज आहे की नाही, हा त्याच्या आधीचा प्रश्न तेव्हा बाजूलाच राहिला, असे मला वाटते.

एफएफआर म्हणजे सर्व प्रश्नांचे उत्तर, असेही मानू नये. हा आकडा रक्तपुरवठ्याविषयी बोलतो. भिंतीतील चरबीचा थर उद्या फाटेल का, हे तो सांगत नाही, म्हणून ०.९० आले तरी कोलेस्टेरॉलची गोळी बंद करायची नसते. ऐन झटक्यात, ज्या धमनीमुळे झटका आला तिच्याबाबत मोजत बसण्याचे कारणच नसते. झटक्यानंतर इतर धमन्यांतील अडथळ्यांसाठी ही मोजणी चित्रापेक्षा सरस ठरते का, हे फ्रान्समधील ‘फ्लॉवर-एमआय’ चाचणीने तपासले. २०२१ च्या तिच्या निष्कर्षांत तसा फायदा दिसला नाही. आणि स्थिर आजारात रक्तपुरवठा कमी असल्याचे सिद्ध झाले तरी स्टेंट किंवा बायपासने आयुष्य वाढतेच असे नाही : भारतासह अनेक देशांतील ५,१७९ रुग्णांवर झालेल्या ‘इस्केमिया’ चाचणीत चांगल्या औषधोपचारांच्या तुलनेत मृत्यूचे प्रमाण घटले नाही, छातीतील वेदना मात्र कमी झाल्या.

अलीकडे अ‍ॅडेनोसिनशिवाय, विश्रांतीच्या अवस्थेतच मोजणी करण्याच्या पद्धती रूढ झाल्या आहेत, ०.८९ ही सीमा धरणारी आयएफआर ही त्यांतली एक. वायरही न घालता अँजिओग्राफीच्या चित्रांवरूनच संगणकाने प्रवाहाचा हिशेब मांडावा, अशीही खटपट चालू आहे. त्यातल्या क्यूएफआर या पद्धतीने चीनमधील मोठ्या चाचणीत नुसत्या डोळ्यांच्या अंदाजावर मात केली. पण युरोपातील चाचणीत तिची गाठ प्रत्यक्ष दाब मोजणाऱ्या वायरशी पडली, तेव्हा २०२४ मध्ये आलेल्या निष्कर्षांत वायरच सरस ठरली.