अठरा पूर्ण झाल्यावर पोटगी का थांबते : 'अज्ञान' या एका शब्दाची पार्श्वभूमी

जानेवारीत जन्मलेल्या मुलीचं उदाहरण घ्या. बारावीच्या तोंडी परीक्षा सुरू असताना तिला अठरा पूर्ण होतात. फेब्रुवारीपासून वडिलांकडून येणारी रक्कम आईच्या पासबुकात दिसेनाशी होते. मग लेखी परीक्षा, त्यामागून सीईटी, मग प्रवेशाच्या फेऱ्या. वसतिगृहाची अनामत रक्कम भरायची वेळ येते तेव्हा पोटगी बंद होऊन पाच-सहा महिने लोटलेले असतात. वडिलांच्या बाजूने पाहिलं तर त्यांनी आदेश मोडलेला नसतो. आदेशातच 'सज्ञान होईपर्यंत' असे शब्द असतात. कायद्याच्या भाषेत अठरा पूर्ण झालेला तो सज्ञान, त्याखालचा तो अज्ञान.

हे शब्द आदेशात कुठून आले, हे पाहायला 1973 पर्यंत मागे जावं लागतं.

1898 च्या फौजदारी प्रक्रिया संहितेत पोटगीचं कलम 488 होतं. त्यात मुलाच्या वयाचा उल्लेखच नव्हता. औरस किंवा अनौरस मूल 'स्वतःचा निर्वाह करण्यास असमर्थ' असेल, तर ऐपत असलेल्या बापाने त्याला पोसावं, एवढंच त्यात म्हटलं होतं. यावर उच्च न्यायालयांमध्ये मतभेद होते. मूल म्हणजे लहान मूलच, असं काही म्हणत. वयाचा प्रश्नच येत नाही, असं इतरांचं म्हणणं होतं. 1969 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने हा वाद मिटवला. या कलमातलं 'मूल' म्हणजे अज्ञान मूलच, असं नाही. खरी मर्यादा 'निर्वाह करण्यास असमर्थ' या शब्दांत आहे, असं न्यायालय म्हणालं. म्हणजे वीस वर्षांचा, कॉलेजात शिकणारा, कमाई नसलेला मुलगाही दाद मागू शकत होता.

ही वाट चार वर्षांतच बंद झाली. संसदेने 1973 ची नवी संहिता केली, ती 1 एप्रिल 1974 पासून लागू झाली, आणि जुन्या 488 च्या जागी आलेल्या कलम 125 मध्ये 'मूल' या शब्दाआधी 'अज्ञान' हा शब्द बसला. सज्ञान अपत्यासाठी एक वेगळा खंड ठेवला, पण तो फक्त शारीरिक किंवा मानसिक व्यंगामुळे, दुखापतीमुळे कमावता न येणाऱ्यांसाठी, आणि त्यातूनही विवाहित मुलगी वगळून. शिक्षण सुरू आहे म्हणून कमावता येत नाही, हे कारण त्या यादीत आलं नाही. न्यायालयाने इतक्या स्पष्टपणे मोकळी केलेली जागा संसदेने एका विशेषणाने बुजवली, आणि पुढची पन्नास वर्षं हा सगळा विषय त्या विशेषणाभोवतीच फिरत राहिला. माझ्या मते या विषयातला सर्वांत महत्त्वाचा निर्णय हाच आहे. चर्चेत मात्र तो क्वचितच येतो.

मुळात हे कलम शिक्षणासाठी नव्हतंच. बायको-पोरांना वाऱ्यावर सोडल्याने ती उपाशी पडू नयेत, रस्त्यावर येऊ नयेत, एवढाच त्याचा हेतू होता. म्हणून ते फौजदारी कायद्यात आहे आणि म्हणून त्यातली रक्कमही पोटापुरतीच होती. 1955 मध्ये कमाल मर्यादा महिना 500 रुपये झाली. केंद्रीय कायद्यातून ती निघायला 2001 उजाडलं. मराठीत आपण 'पोटगी' म्हणतो त्यातही पोटच आहे, फी नाही, पुस्तकं नाहीत. 1956 च्या हिंदू दत्तक व निर्वाह कायद्याने मात्र निर्वाहाच्या व्याख्येत अन्न, वस्त्र, निवारा आणि औषधोपचारांच्या बरोबरीने शिक्षण घातलं. एका कायद्यात शिक्षण आहे, दुसऱ्यात वयाची भिंत आहे, आणि सामान्य बाईच्या हाती पडतो तो बहुतेक वेळा दुसरा, कारण दंडाधिकाऱ्यांकडचा अर्ज सोपा आणि स्वस्त असतो.

'अज्ञान' या शब्दाविषयीही थोडं सांगायला हवं. कायद्याच्या मराठीत तो वयाचा शब्द आहे. सातबाऱ्यावर लहान वारसाच्या नावापुढे 'अ.पा.क. आई' असं लिहिलेलं अनेकांनी पाहिलं असेल. अज्ञान पालनकर्ती आई, असा त्याचा अर्थ. हे वय ठरतं 1875 च्या सज्ञानता कायद्याने. त्यातही सगळ्यांसाठी अठरा नव्हते. न्यायालयाने पालक नेमलेल्या मुलासाठी ती रेषा 21 वर्षांची होती आणि 1999 च्या दुरुस्तीने ती अठरावर आली. 1869 च्या घटस्फोट कायद्यात तर भारतीय बापाचा मुलगा सोळा पूर्ण होईपर्यंत आणि मुलगी तेरा पूर्ण होईपर्यंतच अज्ञान धरली जात असे. अठरा हा आकडा काही निसर्गाने दिलेला नाही. करार करायला, मालमत्ता विकायला माणूस कधी लायक होतो, या प्रश्नाचं ते उत्तर आहे. पोट भरायला तो कधी लायक होतो, हा प्रश्न त्या कायद्याने विचारलेलाच नव्हता.

1956 च्या कायद्याने मुलगा आणि मुलगी यांच्यात फरक केला. कलम 20 नुसार अपत्याला पोटगी अज्ञान असेपर्यंत, पण अविवाहित मुलगी स्वतःच्या कमाईतून किंवा मालमत्तेतून निर्वाह करू शकत नसेल, तर तिच्या बाबतीत जबाबदारी पुढेही चालू राहते. तिच्या निर्वाहात लग्नाचा वाजवी खर्चही धरला आहे. मुलगा वडिलोपार्जित इस्टेटीत जन्मतःच वाटेकरी, मुलगी लग्नाने दुसऱ्या घरची, हे गृहीतक त्यामागे स्पष्ट दिसतं. मुस्लिम मुलांच्या बाबतीत 1997 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने कलम 125 खाली असाच निर्णय दिला: सज्ञान होईपर्यंत किंवा कमावती होईपर्यंत, आणि मुलींना लग्न होईपर्यंत. दोन्हीकडे मुलीला संरक्षण मिळालं, पण ते विद्यार्थिनी म्हणून नव्हे, अविवाहित म्हणून. दुसऱ्या वर्षाला शिकणाऱ्या मुलाला यातलं काहीच लागू होत नाही.

2000 नंतरच्या निकालांनी ही फट बुजवायचा प्रयत्न केला. सर्वोच्च न्यायालयाने 2002 मध्ये कलम 125 आणि 1956 चं कलम 20 एकत्र वाचून मुलीची पोटगी लग्नापर्यंत चालू ठेवली. 2018 मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने म्हटलं, की सज्ञान पण न कमावत्या मुलीसाठी आई कलम 125 खाली मागणी करू शकते. आणि मग सप्टेंबर 2020 मध्ये सर्वोच्च न्यायालयाच्या तीन न्यायमूर्तींनी पुन्हा रेषा आखली. व्यंग नसलेली सज्ञान अविवाहित मुलगी दंडाधिकाऱ्यांकडे कलम 125 खाली मागू शकत नाही. तिने 1956 च्या कायद्याखाली मागावं. कौटुंबिक न्यायालय असेल तिथे दोन्ही कायद्यांचा विचार एकत्र होऊ शकतो.

कायद्याच्या दृष्टीने हा निकाल नेटका आहे. पण त्या प्रकरणाच्या तारखा पाहा. हरियाणातल्या त्या आईने मुलांसह अर्ज केला 2002 मध्ये. मुलगी सज्ञान झाली 2005 मध्ये. दंडाधिकाऱ्यांचा आदेश आला 2011 मध्ये, आणि तो मुलगी सज्ञान होण्याच्या तारखेपर्यंतचाच. सर्वोच्च न्यायालयाने 2020 मध्ये तिला मोकळीक दिली ती दुसऱ्या कायद्याखाली नव्याने अर्ज करण्याची. जिच्या शिक्षणाच्या वयात हा खटला सुरू झाला, ती तोवर तिशी ओलांडून गेली होती. दोन्ही कायदे एकत्र वाचण्याची सोय कौटुंबिक न्यायालयात आहे हे खरं, पण ते न्यायालय शहरात असतं. तालुक्याच्या गावच्या मुलीला दिवाणी दावा वेगळा, वकील वेगळा, तारखा वेगळ्या. कोर्टाच्या बाकावर प्लास्टिकच्या फोल्डरमध्ये बोनाफाइड, गुणपत्रिका आणि फीच्या पावत्या सांभाळत बसलेल्या आयांना मी पाहिलं आहे. कोणता कागद कोणत्या कायद्याखाली लागतो, हे त्यांना कुणी आधी सांगितलेलं नसतं.

त्याच वर्षी नोव्हेंबरमध्ये नागपूरहून गेलेल्या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने पोटगीची मार्गदर्शक तत्त्वं घालून दिली. दोन्ही बाजूंनी मालमत्ता आणि देण्यांचं प्रतिज्ञापत्र द्यावं, पोटगी अर्जाच्या तारखेपासून मिळावी, मुलांच्या शिक्षणाचा खर्च सर्वसाधारणपणे वडिलांनी करावा आणि आई पुरेसं कमावत असेल तर दोघांनी प्रमाणात वाटून घ्यावा. खासगी क्लासचा खर्चही विचारात घेतला गेला. पण किती वयापर्यंत, हे त्यातूनही सुटलं नाही.

मग 2021 मध्ये एकाच वर्षात तीन सूर निघाले. मार्चमध्ये सर्वोच्च न्यायालयाने एका वडिलांना मुलाची पहिली पदवी होईपर्यंत पैसे द्यायला सांगितलं. आजच्या काळात अठरापर्यंतचा खर्च पुरेसा नाही, असं त्यामागचं कारण होतं. जूनमध्ये दिल्ली उच्च न्यायालयाने मुलगा सज्ञान झाल्यावर त्याचा सगळा भार आईवर टाकता येणार नाही असं म्हणत आईला महिना 15,000 रुपये अंतरिम पोटगी मंजूर केली, मुलगा पदवीधर किंवा कमावता होईपर्यंत. इथे मुलगा अर्जदार नव्हता; आईची पोटगी ठरवताना त्याचा खर्च धरला गेला. आणि डिसेंबरमध्ये सर्वोच्च न्यायालयाने दुसऱ्या प्रकरणात मुलासाठी महिना 50,000 रुपये ठरवले, पण जबाबदारी सज्ञान होईपर्यंतचीच ठेवली. जानेवारी 2025 मध्ये आयर्लंडमध्ये शिकणाऱ्या एका मुलीच्या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने सांगितलं, की ऐपतीच्या मर्यादेत आईवडिलांकडून शिक्षणाचा खर्च मिळणं हा मुलीचा हक्क आहे. तिथे प्रश्न वडिलांनी शिक्षणासाठी दिलेल्या 43 लाखांचा होता. मुलीने स्वाभिमानापोटी ते घ्यायला नकार दिला होता.

1 जुलै 2024 पासून कलम 125 ची जागा भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम 144 ने घेतली. नव्या मजकुरात मुलाच्या आधीचा 'अज्ञान' हा शब्द निघाला. वाचताना क्षणभर वाटतं, की आपण 1969 च्या निकालाकडे परत आलो. पण बरोबरच आलेल्या भारतीय न्याय संहितेत (गुन्हे आणि शिक्षांच्या नव्या कायद्यात) 'बालक' म्हणजे अठरा वर्षांखालील व्यक्ती, अशी व्याख्या आहे, आणि सुरक्षा संहितेत वेगळी व्याख्या नसलेल्या शब्दांना न्याय संहितेतलाच अर्थ लागू होतो. सज्ञान अपत्यासाठी व्यंगाची अटही तशीच राहिली. शिक्षण सुरू असल्याचा उल्लेख याही वेळी आला नाही.

त्यामुळे खरी तरतूद सध्या होते ती परस्पर संमतीच्या घटस्फोटात, कन्सेंट टर्म्सच्या, म्हणजे दोघांनी मान्य केलेल्या अटींच्या कागदावर. तिथे 'शिक्षण पूर्ण होईपर्यंत' असं लिहिता येतं, आणि त्यातही भांडणं निघतात. इंजिनिअरिंगची चार वर्षं धरायची, की पुढचं पदव्युत्तरही? एमबीबीएसची साडेचार वर्षं झाली, पण इंटर्नशिपचं वर्ष शिक्षणात मोजायचं का? नीटसाठी एक वर्ष थांबलेला मुलगा त्या वर्षात विद्यार्थी असतो की नाही? राज्यात 2024-25 पासून ठरावीक प्रवर्गांतल्या, 8 लाखांपर्यंत कौटुंबिक उत्पन्न असलेल्या मुलींना व्यावसायिक अभ्यासक्रमांचं शिक्षण आणि परीक्षा शुल्क माफ झालं. तेव्हा 'फी वडील देतील' एवढंच लिहिलेल्या कागदांत खानावळ, वसतिगृह आणि लॅपटॉप कुणाकडे, असा नवा प्रश्न निघाला. कन्सेंट टर्म्सचा मसुदा करणारे वकील आता अभ्यासक्रमाचं नाव, वर्षांची संख्या आणि खर्चाची बाब न् बाब लिहून घ्यायला सांगतात.