रिकामी स्ट्रिंग आणि नल: पडद्यावर एकसारखे, डेटाबेसगणिक निराळे

फॉर्ममधला एखादा रकाना मोकळा सोडून नोंद जतन केली आणि नंतर तीच नोंद पुन्हा उघडली, तर त्या जागी काहीच दिसत नाही. त्या 'काहीच नाही'च्या मागे डेटाबेसमध्ये मात्र दोन अगदी वेगळ्या गोष्टी असू शकतात. एक रिकामी स्ट्रिंग, म्हणजे ज्यात शून्य अक्षरे आहेत पण जो अस्तित्वात आहे असा मजकूर. आणि दुसरी नल, म्हणजे तेथे मूल्यच नाही हे सांगणारी खूण. पहिलीची लांबी विचारली तर उत्तर ० येते, दुसरीची विचारली तर उत्तरही नलच येते. माहिती टेबलांच्या रूपात मांडणाऱ्या रिलेशनल मॉडेलचे जनक एडगर कॉड यांनी १९८५ साली मांडलेल्या नियमांपैकी तिसरा नियम याच भेदाविषयी आहे: नल हे रिकाम्या स्ट्रिंगपेक्षा, नुसत्या स्पेसच्या स्ट्रिंगपेक्षा आणि शून्यापेक्षाही वेगळे असले पाहिजे. पुढे १९९० साली त्यांनी याहून एक पाऊल पुढे जाऊन 'मूल्य आहे पण माहीत नाही' आणि 'येथे मूल्य लागूच होत नाही' अशा दोन स्वतंत्र खुणा सुचवल्या. त्या प्रत्यक्ष वापरात रुळल्या नाहीत, आणि एकाच नलने दोन्ही अर्थ वाहायचे हीच रीत राहिली.

दोहोंतला खरा फरक तुलना करताना कळतो. रिकामी स्ट्रिंग दुसऱ्या रिकाम्या स्ट्रिंगबरोबर समान ठरते, कारण ते एक साधे मूल्य आहे. नलची तुलना कशाशीही केली, अगदी दुसऱ्या नलशी केली, तरी उत्तर खरे किंवा खोटे न येता 'अज्ञात' येते. क्वेरीतली, म्हणजे डेटाबेसला विचारलेल्या प्रश्नातली, 'व्हेअर'ची अट फक्त खऱ्या ठरलेल्या ओळी पुढे सोडते, त्यामुळे अज्ञात ठरलेल्या ओळी गुपचूप गळतात. 'या यादीत नाही' असे विचारणाऱ्या 'नॉट इन'च्या यादीत एक जरी नल शिरले तरी संपूर्ण क्वेरी एकही ओळ परत देत नाही, हा अनुभव बहुतेकांनी एकदा तरी घेतलेला असतो. उलट 'चेक' कन्स्ट्रेंटचा, म्हणजे नोंद साठवताना तपासल्या जाणाऱ्या अटीचा, न्याय नेमका वेगळा आहे: तेथे फक्त खोटी ठरलेली नोंद अडते आणि अज्ञात ठरलेली बिनदिक्कत आत जाते. म्हणजे एकच अट 'व्हेअर'मध्ये नलला बाहेर काढते आणि 'चेक'मध्ये त्याला वाट मोकळी करून देते. त्यातच ओळींचे गट पाडणारे 'ग्रुप बाय' आणि पुनरावृत्ती काढणारे 'डिस्टिंक्ट' सगळ्या नलांना एकाच गटात टाकतात, जणू ते परस्परांशी समान आहेत. हे सगळे तर्कशुद्ध आहे असा दावा कोणी करू नये. पण निदान एवढ्या बाबतीत बहुतेक डेटाबेस एकमेकांसारखे वागतात.

ते फुटतात ते रिकाम्या स्ट्रिंगच्या बाबतीत, आणि फुटण्याचे सर्वांत मोठे ठिकाण ओरॅकल हे आहे. ओरॅकलच्या व्हारकॅर-टू या मजकुराच्या प्रकारच्या कॉलममध्ये रिकामी स्ट्रिंग अशी काही चीजच नसते. शून्य लांबीचा मजकूर दिला की तो नल म्हणूनच साठवला जातो. 'नॉट नल' असलेल्या, म्हणजे नल न चालणाऱ्या, कॉलममध्ये रिकामी स्ट्रिंग घालू पाहिली, तर नल घातल्याबद्दलची चूक समोर येते आणि नवख्या माणसाला आपण नल कुठे दिले तेच कळत नाही. ओरॅकलचे स्वतःचे दस्तऐवज सांगतात की ही वागणूक पुढील आवृत्त्यांत बदलू शकते, तेव्हा दोन्ही एकच आहेत असे धरून चालू नये. ही सूचना इतकी वर्षे तशीच आहे की ती बदलण्याची वाट पाहण्यात अर्थ नाही असे माझे मत आहे. ही वागणूक गृहीत धरून लिहिलेले प्रोग्राम इतके आहेत की मारियाडीबी या दुसऱ्या डेटाबेसने १०.३ आवृत्तीपासून रिकाम्या स्ट्रिंगला नल मानणारी एक सेटिंग दिली आहे आणि डीबी-टूमध्येही व्हारकॅर-टूसाठी तशीच सुसंगतता चालू करता येते.

फरक किती दूर जातो हे एका लहान टेबलावर पाहू. चार ओळी आहेत आणि 'दुसरा फोन' नावाचा एक कॉलम आहे. पहिल्या ओळीत खरा क्रमांक आहे, दुसरीत रिकामी स्ट्रिंग, तिसरीत नल, आणि चौथीत कोणीतरी सवयीने दाबलेल्या तीन स्पेस. 'ज्यांचा दुसरा फोन रिकाम्या स्ट्रिंगच्या बरोबर नाही अशा ओळी द्या' असे विचारले, तर पोस्टग्रेस दोन ओळी देते, खऱ्या क्रमांकाची आणि तीन स्पेसची. एसक्यूएल सर्व्हर एकच ओळ देतो, कारण तुलना करताना तो शेवटच्या स्पेस मोजत नाही आणि त्याच्या लेखी तीन स्पेस व रिकामी स्ट्रिंग समान असतात. ओरॅकल एकही ओळ देत नाही, अगदी खऱ्या क्रमांकाचीसुद्धा नाही, कारण तेथे अट 'नलच्या बरोबर नाही' अशी होते आणि ती प्रत्येक ओळीसाठी अज्ञात ठरते. मायएसक्यूएलचे उत्तर कॉलमच्या कोलेशनवर, म्हणजे मजकुराची तुलना करण्याच्या नियमांवर, अवलंबून असते: आठव्या आवृत्तीतल्या मूळ कोलेशनमध्ये शेवटच्या स्पेस धरल्या जातात आणि दोन ओळी येतात, जुन्या कोलेशनमध्ये धरल्या जात नाहीत आणि एकच येते. आता त्याच कॉलमवर मूल्ये मोजणारे 'काउंट' चालवा. पोस्टग्रेस ३ म्हणते, कारण नल तेवढे वगळले जाते. ओरॅकल २ म्हणते, कारण त्याच्याकडे नलच दोन आहेत.

जोडणीच्या वेळी हाच भेद अधिक महाग पडतो. दोन उभ्या रेघांच्या ऑपरेटरने मजकुराला नल जोडले, तर पोस्टग्रेस आणि एसक्यूलाइटमध्ये संपूर्ण उत्तर नल होते. ओरॅकलमध्ये मात्र नल रिकाम्या स्ट्रिंगसारखे वागते आणि उरलेला मजकूर जसाच्या तसा राहतो. मी काम केलेल्या एका स्थलांतरात ओरॅकलमधली क्वेरी शब्दशः पोस्टग्रेसमध्ये आणली गेली होती. पहिले नाव, मधले नाव आणि आडनाव जोडून पूर्ण नाव तयार करणारी ती साधी ओळ होती. ज्यांचे मधले नाव नोंदलेले नव्हते त्यांचे पूर्ण नावच छापील पत्रांवरून नाहीसे झाले, आणि कोठेही चूक दाखवली गेली नसल्यामुळे पत्रे छापून होईपर्यंत ते कोणाच्या लक्षात आले नाही. 'कॉन्कॅट' फंक्शन वापरून सुटका होईल असे वाटते, पण तेही सगळीकडे एक नाही: पोस्टग्रेस आणि एसक्यूएल सर्व्हरमध्ये ते नलकडे दुर्लक्ष करते, तर मायएसक्यूएलमध्ये त्याच नावाचे फंक्शन एका नलपायी सगळे उत्तर नल करून टाकते. शिवाय मायएसक्यूएलमध्ये त्या दोन उभ्या रेघांचा मूळ अर्थ जोडणी नसून 'किंवा' असा आहे, हे विसरणाऱ्याला उत्तरादाखल मजकुराऐवजी ० किंवा १ मिळतो.

कॉलममध्ये एकच मूल्य दोनदा येऊ न देणाऱ्या युनिक कन्स्ट्रेंटमध्ये निवडीचा परिणाम लगेच दिसतो. ऐच्छिक ईमेलचा कॉलम युनिक असेल आणि न दिलेला ईमेल रिकामी स्ट्रिंग म्हणून साठवला जात असेल, तर ईमेल न देणारी दुसरी व्यक्ती नोंदणीच करू शकत नाही. नल साठवले तर पोस्टग्रेस, मायएसक्यूएल, एसक्यूलाइट आणि ओरॅकल कितीही नल खपवून घेतात. एसक्यूएल सर्व्हर मात्र एकच नल चालवतो, आणि तेथे नल वगळून उरलेल्या ओळींनाच युनिकचा नियम लावणारा फिल्टर्ड इंडेक्स करावा लागतो. पोस्टग्रेसच्या १५व्या आवृत्तीपासून नलांनाही परस्परांशी समान मानण्याची सोय आहे, पण ती आपण मागितली तरच मिळते.

क्रम लावताना चढत्या यादीत पोस्टग्रेस आणि ओरॅकल नल शेवटी ठेवतात, तर मायएसक्यूएल, एसक्यूएल सर्व्हर आणि एसक्यूलाइट सुरुवातीला. मजकुराचे दुसऱ्या प्रकारात रूपांतर करताना रिकामी स्ट्रिंग अधिक घातक ठरते: एसक्यूएल सर्व्हर तिचा पूर्णांक ० करतो आणि तारीख १ जानेवारी १९००, पोस्टग्रेस चूक दाखवून थांबते. थांबणारा डेटाबेस मला नेहमीच बरा वाटतो.

या भेदाची गळती फाइलींमधूनही होते. पोस्टग्रेसच्या 'कॉपी' आदेशाला सीएसव्ही, म्हणजे स्वल्पविरामांनी मूल्ये वेगळी केलेली, फाइल दिली, तर दोन स्वल्पविरामांमधली नुसती मोकळी जागा नल समजली जाते आणि तीच जागा जोड अवतरणचिन्हांच्या जोडीने भरलेली असेल तर रिकामी स्ट्रिंग. मायएसक्यूएलमध्ये फाइल भरताना मजकुराच्या कॉलममधली मोकळी जागा रिकामी स्ट्रिंग होते, आणि नल हवे असेल तर उलटी तिरपी रेघ व तिच्यापुढे मोठे एन अक्षर अशी खूण लिहावी लागते. मधे एखाद्या स्प्रेडशीटने ती फाइल उघडून पुन्हा जतन केली, तर अवतरणचिन्हे उडतात आणि भेद तेथेच संपतो.

मग सुसंगत वागणूक आणायची कशी? माझ्या मते, जो भेद वाटेतल्या एखाद्या जरी टप्प्यावर पुसला जातो त्याच्यावर कामाचा अर्थ टांगू नये. जॅंगो हे वेब फ्रेमवर्क मजकुराच्या फील्डसाठी नल टाळून रिकामी स्ट्रिंग वापरण्याची शिफारस करते, म्हणजे 'काही नाही' याची एकच खूण राहते. एका खुणेचा हा आग्रह योग्यच आहे. पण ओरॅकलवर ती खूण रिकामी स्ट्रिंग असू शकत नाही, म्हणून तेथे जॅंगोलाही नलच साठवावे लागते. वापरायच्या डेटाबेसांच्या यादीत ओरॅकल असेल, किंवा पुढे येण्याची शक्यता असेल, तर ऐच्छिक मजकुरासाठी नल हीच एक खूण ठरवावी. अर्ज स्वीकारणाऱ्या एकाच ठिकाणी मजकुराच्या कडेच्या स्पेस काढाव्यात आणि उरलेले रिकामे असेल तर त्याचे नल करावे. हे काम दहा क्वेरींमध्ये वाटून दिले की अकरावी क्वेरी ते विसरते. आणि 'विचारले, पण मधले नाव नाही' हे 'अजून विचारलेच नाही' यापासून खरोखर वेगळे ठेवायचे असेल, तर त्यासाठी स्थितीचा स्वतंत्र कॉलम असावा, जो कोणत्याही डेटाबेसमध्ये तोच अर्थ सांगेल.

जुन्या माहितीत दोन्ही खुणा मिसळलेल्या असतील, तर वाचताना 'कोअलेस'ने नलची रिकामी स्ट्रिंग करून तुलना करण्याची सवय ओरॅकलवर फसते, कारण तेथे शेवटी नलचीच नलशी तुलना होते. त्याऐवजी कॉलमला कडेच्या स्पेस काढणारे 'ट्रिम' लावावे, त्यावर 'नलइफ'ने रिकाम्या स्ट्रिंगचे नल करावे आणि मग 'इज नल' विचारावे. ही एक ओळ पोस्टग्रेस, ओरॅकल, मायएसक्यूएल, एसक्यूएल सर्व्हर आणि एसक्यूलाइट या पाचही ठिकाणी तेच उत्तर देते, फक्त एसक्यूएल सर्व्हर २०१७ किंवा त्यानंतरचा लागतो. माहिती एकदा स्वच्छ करून झाली की ती तशीच राहावी म्हणून चेक कन्स्ट्रेंट लावताना मात्र ओरॅकलसाठी अट वेगळी लिहावी लागते. 'ट्रिम केलेला मजकूर रिकाम्या स्ट्रिंगच्या बरोबर नसावा' ही अट इतरत्र स्पेसची नोंद अडवते. ओरॅकलमध्ये ती कायम अज्ञात राहते आणि तीन स्पेस निवांत आत येतात. तेथे 'कॉलम नल असावा, किंवा ट्रिम केल्यावर नल नसावा' असे लिहावे लागते.